आग दिसली की पाणी? आधी फलकाचा रंग बघा

25 मे 2025 रोजी एमएससी एल्सा 3 हे मालवाहू जहाज कोचीजवळच्या समुद्रात बुडालं. जहाजावर 640 कंटेनर होते. 13 कंटेनरमध्ये घातक माल होता आणि 12 मध्ये कॅल्शियम कार्बाइड, असं तेव्हा जाहीर झालं. 13 हा आकडा वाचून ज्यांच्या मनात अपशकुनाची पाल चुकचुकली त्यांना एवढंच सांगेन, आकड्याला घाबरायचंच असेल तर 1402 ला घाबरा.

1402 हा कॅल्शियम कार्बाइडचा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला क्रमांक. घातक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशी पहिल्यांदा 1956 मध्ये छापल्या गेल्या. समुद्र, रस्ता आणि रेल्वे यांचे आजचे बहुतेक नियम त्यांच्यावरच उभे आहेत. पेट्रोल 1203, क्लोरीन 1017, लिथियम आयन बॅटऱ्या 3480. बंदर कुठलंही असो, कागदावरची भाषा कुठलीही असो, क्रमांक बदलत नाही.

क्रमांकाच्या जोडीला असतो फलक. पत्त्यांतल्या चौकटसारखा, टोकावर उभा. खोक्यावर लावायचा तो छोटा, 100 मिलिमीटर बाजूचा. कंटेनर किंवा टँकरवरचा निदान 250 मिलिमीटरचा. खालच्या कोपऱ्यात वर्गाचा आकडा असतो. असे नऊ वर्ग आहेत. स्फोटकं पहिल्या वर्गात, वायू दुसऱ्यात, किरणोत्सारी पदार्थ सातव्यात, कातडी आणि धातू खाणारे आठव्यात. सगळे पाठ करायची गरज नाही. गोंधळ होतो तो ज्वालेच्या चित्रापाशी.

कारण ज्वाला अनेक फलकांवर आहे. लाल फलकावर ज्वाला म्हणजे पेट घेणारा वायू किंवा द्रव. पांढऱ्यावर लाल पट्टे म्हणजे पेट घेणारा घन पदार्थ. वरचा अर्धा पांढरा आणि खालचा लाल, तर आपोआप पेटणारा. आणि निळ्या फलकावर ज्वाला म्हणजे पाणी लागलं की पेटणारे वायू सोडणारा, वर्ग 4.3. चित्र बघून पाण्याचा पाइप उचलणारा माणूस इथेच फसतो. चित्र सांगतं ‘आग’, रंग सांगतो ‘पाणी नको’.

निळ्या फलकामागचं रसायनशास्त्र मला फार आवडतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. कॅल्शियम कार्बाइड याच फलकाचं. त्यात कार्बनचे दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट जोडलेले असतात आणि त्या जोडीवर दोन ऋण भार असतात. पाणी आलं की ही जोडी पाण्याच्या रेणूंकडून दोन प्रोटॉन हिसकावून घेते आणि अ‍ॅसिटिलीन बनते. मागे कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे भिजवलेला चुना उरतो, शिवाय भरपूर उष्णता. अ‍ॅसिटिलीन म्हणजे वेल्डिंगच्या ज्योतीतला वायू. हवेत त्याचं प्रमाण जेमतेम अडीच टक्के झालं तरी ठिणगीने मिश्रण पेटतं, आणि वरची मर्यादा 80 टक्क्यांच्याही पुढे आहे. मिथेनचा पट्टा 5 ते 15 टक्क्यांचा, त्याच्याशी ताडून बघा. त्यात भर म्हणजे अ‍ॅसिटिलीन तयार होताना ऊर्जा साठवून ठेवतं, मोलमागे, म्हणजे सुमारे 26 ग्रॅममागे, साधारण 227 किलोज्यूल. त्यामुळे दाबाखाली ते ऑक्सिजनशिवायही फुटून कार्बन आणि हायड्रोजन होऊ शकतं. म्हणूनच सिलिंडरमध्ये ते नुसतं दाबून भरत नाहीत, सच्छिद्र भरावात मुरवलेल्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात.

आता थोडं गणित. बाजारी कार्बाइडच्या एका किलोपासून साधारण 300 लिटर वायू निघतो. वीस फुटी कंटेनरची पोकळी सुमारे 33 घनमीटर. तिच्यात अडीच टक्के अ‍ॅसिटिलीन व्हायला 825 लिटर वायू पुरे, म्हणजे पावणेतीन किलो कार्बाइड आणि जेमतेम दीड लिटर पाणी. हे रिकाम्या कंटेनरचं गणित. भरलेल्यात हवेची जागा कमी, म्हणून आणखी थोडक्यात भागतं. पण अशा अपघातानंतरच्या ‘समुद्रच पेटणार’ छापाच्या संदेशांत फारसा अर्थ नसतो. अथांग पाण्यात उष्णता विरून जाते आणि वायू बुडबुड्यांनी वर येऊन पांगतो. खरा धोका बंद पेटीत शिरलेल्या थोड्याशा पाण्याचा, आणि ती पेटी उघडायला गेलेल्या माणसाला.

युरोपातल्या टँकरवर नारिंगी पाटीवर दोन ओळी असतात. खाली संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक, वर धोक्याचा. 3 म्हणजे पेटणारा द्रव. आकडा दोनदा आला की धोका तीव्र, म्हणून पेट्रोलला 33. काही जोड्या मात्र सबंध वाक्यासारख्या वाचायच्या असतात. 423 म्हणजे पाण्याशी संयोग होऊन पेटणारा वायू सोडणारा घन पदार्थ. त्याच्या आधी एक्स आला, जसा सोडियमच्या पाटीवर असतो, तर जाणकारांच्या संमतीशिवाय पाणी वापरायचंच नाही.

अमेरिकेच्या रस्त्यांवर पुष्कळशा घातक मालाला 454 किलोच्या आत फलकाची सूट मिळते. वर्ग 4.3 ला ती नाही. किलोभर असला तरी फलक लावायचाच. समुद्रावर फलक कंटेनरच्या चारही बाजूंना हवा, कारण रचलेल्या थप्पीत कुठली बाजू दिसेल ते आधी ठरवता येत नाही. कंटेनरमध्ये एकाच क्रमांकाचा घातक माल 4,000 किलोहून जास्त असेल तर तो क्रमांकही बाहेर दिसायला हवा.

हे सगळं टिकायला हवं ते अपघातात. म्हणून सागरी नियम म्हणतो, तीन महिने समुद्रात बुडून राहिल्यावरही फलक ओळखता आला पाहिजे. युरोपच्या रस्त्यांवरच्या नियमानुसार नारिंगी पाटीवरचे आकडे पंधरा मिनिटं आगीत वेढले गेले तरी वाचता आले पाहिजेत.

आणि टँकर रिकामा झाला की फलक काढायचा, असं वाटत असेल तर तसं नाही. पेट्रोल उपसलं तरी वाफ आत उरते, आणि पेट्रोलची वाफ पेटते ती हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असताना. भरलेल्या टाकीत द्रवावरच्या जागेत वाफ इतकी दाट असते की सहसा पेट घ्यायला हवा पुरत नाही. उपसताना हवा आत शिरते आणि मिश्रण नेमकं त्या पट्ट्यात येऊ शकतं. टाकी धुऊन वाफमुक्त केल्यावरच फलक उतरवायचा किंवा झाकायचा.