पायात उतरणारी कळ थांबत नसेल, तर तिचे खरे कारण कसे शोधले जाते

कंबरेतून किंवा कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीपर्यंत आणि कधी पायाच्या बोटांपर्यंत उतरणारी कळ बहुतेकांच्या बाबतीत सहा ते बारा आठवड्यांत ओसरते, मग तिच्यावर फारसे उपचार झालेले असोत वा नसोत. हे पत्रक ज्यांचे दुखणे त्या मुदतीनंतरही टिकून आहे, किंवा बरे झाल्यासारखे वाटून पुन्हा पुन्हा उलटते, अशा ग्राहकांसाठी आमच्या फिजिओथेरपी केंद्राने तयार केले आहे. असे रुग्ण बहुधा शेक, कंबरपट्टा, ट्रॅक्शन, मालिश आणि वेदनाशामक गोळ्या यांपैकी सर्व काही करून आलेले असतात. मात्र नेमकी कोणती नस, कोणत्या ठिकाणी आणि कशामुळे त्रासली आहे, याचे उत्तर त्यांना कोणी दिलेले नसते. ते उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा उपचार सुरू करू नये, असे आमचे ठाम मत आहे.

नसेचा मार्ग

सायटिक नस ही शरीरातील सर्वांत जाड नस होय. कंबरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांखालून आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या मुळ्या एकत्र येऊन ती तयार होते, कुल्ल्यातील पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून बाहेर पडते, मांडीच्या मागून खाली येते आणि साधारणपणे गुडघ्याच्या थोडे वर तिचे दोन फाटे होतात. या लांबलचक मार्गावर कोठेही दाब किंवा दाह निर्माण झाला तरी रुग्णाला जाणवणारी कळ जवळपास सारखीच असू शकते. म्हणूनच केवळ दुखण्याच्या वर्णनावरून निदान करणे धोक्याचे ठरते.

सर्वाधिक वेळा दोष मणक्यांमधील चकतीचा असतो, हे खरे आहे. चकतीच्या बाहेरच्या कड्याला चीर पडून आतला मऊ गर बाहेर सरकतो आणि मुळीवर दाब येतो. शिवाय त्या गरातील रासायनिक द्रव्यांमुळे मुळीला सूज येते. त्यामुळे लहानशी चकतीही पुष्कळ दुखवू शकते आणि मोठी चकती कधी मुळीच दुखत नाही. बॉस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी १९३४ साली चकतीचा व या दुखण्याचा संबंध दाखवून दिला, आणि तेव्हापासून पाय दुखला की पहिला संशय चकतीवर जाऊ लागला. एमआरआय सहज उपलब्ध झाल्यावर तर तो संशय पुराव्यासारखाच मानला जाऊ लागला.

येथे एक गोष्ट प्रत्येक रुग्णाने समजून घ्यावी, अशी आमची कळकळीची इच्छा आहे. कंबर किंवा पाय अजिबात दुखत नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातील सुमारे ८४ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे अहवालात ‘चकती फुगली आहे’ असे लिहून आले, तरी तेवढ्यावरून आपल्या वेदनेचे कारण सापडले असे होत नाही. अहवाल आणि शरीराची तपासणी यांचा मेळ बसला पाहिजे.

हा मेळ कसा बसवला जातो

प्रत्येक मुळीचे पायावर स्वतःचे असे क्षेत्र असते. कंबरेची पाचवी मुळी दबली असल्यास पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे बधिरपणा येतो, अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो आणि टाचांवर चालणे कठीण जाते. त्रिकास्थीची पहिली मुळी दबली असल्यास पावलाच्या बाहेरच्या कडेला मुंग्या येतात, चवड्यावर उभे राहून टाच उचलता येत नाही आणि घोट्यामागील प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे हातोडीचा हलका ठोका दिल्यावर आपोआप होणारी हालचाल, मंदावते. चौथ्या मुळीचा त्रास नडगीच्या आतल्या बाजूला जाणवतो व त्यात गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया कमी होते. उताणे झोपवून गुडघा सरळ ठेवत पाय उचलला असता साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान तीच ओळखीची कळ पायात उतरली, तर मुळी ताणाला संवेदनशील झाली आहे असा अर्थ होतो. न दुखणारा पाय उचलल्यावर दुखणाऱ्या पायात कळ आली, तर चकतीचा संशय अधिक बळावतो.

आता एक उदाहरण घेऊ. अहवालात चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील चकती डावीकडे सरकलेली दिसते. अशी चकती बहुधा डाव्या पाचव्या मुळीला दाबते. पण रुग्णाची तक्रार पावलाच्या बाहेरच्या कडेची आहे, अंगठ्यात पुरेसा जोर आहे आणि चवड्यावर उभे राहून टाच मात्र उचलता येत नाही. अशा वेळी अहवालातील चकती जुनी व निरुपद्रवी असण्याची शक्यता असते आणि कारण अन्यत्र शोधावे लागते. चिमटा, कापूस, छोटी हातोडी आणि पुरेसा वेळ एवढ्या सामग्रीवर होणारी ही तपासणी महागड्या चाचणीइतकीच मोलाची आहे, आणि घाईत नेमकी तीच वगळली जाते.

चकतीपलीकडची कारणे

साठीनंतरच्या रुग्णांमध्ये मज्जारज्जूची नळी अरुंद होणे हे कारण वारंवार आढळते. काही अंतर चालल्यावर दोन्ही पाय जड होतात, बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते, आणि विशेष म्हणजे सायकल चालवताना त्रास होत नाही. याच्याशी गल्लत होते ती पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याने येणाऱ्या कळीची. तेथे बसावे लागत नाही, नुसते थांबून उभे राहिले तरी पुरते. तंबाखू किंवा विडी-सिगारेटचे व्यसन, मधुमेह, गार पडणारे पाऊल आणि पावलावर न लागणारी नाडी या गोष्टी त्या दिशेने बोट दाखवतात. अशा रुग्णाच्या कंबरेवर कितीही उपचार केले तरी उपयोग होणार नाही.

खुब्याच्या सांध्याकडे होणारे दुर्लक्ष आम्हाला सर्वाधिक खटकते. जांघेत दुखणे, मांडी घालून बसता न येणे आणि पायमोजा घालणे किंवा पाय आत वळवणे अवघड जाणे, ही लक्षणे खुब्याची आहेत. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या किंवा मद्यपानाची सवय असलेल्या व्यक्तींमध्ये खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा खंडित होऊन हाड मृत होऊ लागते. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये ते दिसत नाही, आणि एमआरआय केवळ कंबरेचा काढलेला असला तर त्यातही सापडत नाही.

कुल्ल्यातच नस दबणे हेही एक कारण आहे. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून तासन्‌तास वाहन चालवणाऱ्यांना असा त्रास होऊ शकतो. कुल्ल्यावर इंजेक्शन घेताक्षणी पायात विजेसारखी कळ गेली आणि तेव्हापासून पाय दुखत असेल, तर ती हकीकत तपासणीच्या वेळी आवर्जून सांगावी, कारण चुकीच्या जागी दिलेल्या सुईने ही नस दुखावली जाऊ शकते.

खुरपणी किंवा भातलावणीसाठी दीर्घकाळ उकिडवे बसणाऱ्यांचे पाऊल अचानक लुळे पडल्यास, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडालगत नस दबलेली असू शकते. वरवर पाहता हे पाचव्या मुळीच्या दुखण्यासारखे दिसते, परंतु कंबर दुखत नाही आणि पाऊल आतल्या बाजूला वळवण्याचा जोर शाबूत असतो. त्याच ठिकाणी नस जाड झालेली हाताला लागली आणि अंगावर बधिर चट्टे असले, तर कुष्ठरोगाचा विचार करणे आवश्यक आहे. त्यावरील औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात, आणि वेळेत उपचार झाल्यास पायाची हानी टळू शकते. हे सांगताना संकोच बाळगण्याचे काहीही कारण नाही.

मांडीच्या केवळ बाहेरच्या बाजूला आग होत असेल, तर परकराची नाडी किंवा पट्टा घट्ट बांधल्याने जांघेजवळची एक वेगळीच लहान नस दबलेली असू शकते. दोन्ही तळपायांची सारखीच जळजळ बहुधा मधुमेहाची किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची असते. शाकाहारी व्यक्ती आणि दीर्घकाळ मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही गोळी घेणारे यांनी हे विशेषतः लक्षात ठेवावे. नागिणीचे फोड उठण्याआधी काही दिवस एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते, आणि फोड दिसल्यावर पहिल्या ७२ तासांत औषध सुरू करणे हिताचे असते. चाळिशीच्या आतील व्यक्तीला पहाटे कुल्ल्यात दुखून जाग येत असेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल आणि हालचाल केल्यावर बरे वाटत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.

आमच्याकडे न येता रुग्णालयात जावे, अशी लक्षणे

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, दोन्ही पायांतील शक्ती एकाएकी कमी होणे, यांपैकी काहीही घडल्यास सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. मज्जारज्जूच्या टोकाकडील नसांचा पूर्ण जुडगा दबल्याचे ते लक्षण असू शकते आणि अशा वेळी उशीर झाल्यास नुकसान कायमचे राहू शकते. पाऊल लुळे पडत चालले असल्यास, म्हणजे चालताना बोटे अडखळत असल्यास किंवा चप्पल पायातून निसटत असल्यास, एक-दोन दिवसांत तज्ज्ञांची भेट घ्यावी. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, रात्री झोपूनही न थांबणारे दुखणे किंवा पूर्वी झालेला कर्करोग, यांपैकी काही असल्यास मणक्याचा क्षयरोग किंवा गाठ नाही याची खात्री होईपर्यंत कोणाकडूनही कंबर चोळून, दाबून किंवा ‘बसवून’ घेऊ नये.

पहिल्या भेटीसाठी

पहिल्या भेटीत आम्ही केवळ विचारपूस व तपासणी करतो आणि त्याच दिवशी कोणताही उपचार सुरू करण्याचा आग्रह धरत नाही. तपासणीत जे आढळले ते लेखी स्वरूपात दिले जाते. चाचणीची किंवा तज्ज्ञांच्या सल्ल्याची गरज वाटल्यास त्यामागचे कारणही त्यात नमूद केलेले असते, जेणेकरून ते पत्र आपल्या डॉक्टरांना दाखवता येईल. आम्ही औषधे लिहून देत नाही आणि चालू औषधे बंद करण्यास सांगत नाही.

येताना सैल कपडे घालावेत. अहवालासोबत मूळ फिल्म, चालू औषधांची यादी आणि मधुमेह असल्यास अलीकडचा साखरेचा अहवाल आणावा. शक्य झाल्यास आदल्या आठवड्यात कळ कोणत्या स्थितीत वाढते, बसल्यावर, उभे राहिल्यावर, चालल्यावर की खोकल्यावर, आणि ती पायात नेमकी कोठपर्यंत उतरते, हे एका कागदावर लिहून ठेवावे. गर्भवती महिलांनी आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी वेळ ठरवतानाच तसे कळवावे.