कशालाच न चिकटणारं टेफ्लॉन बेकिंगच्या टिनला चिकटतं तरी कसं?

परवा फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड आला, नॉनस्टिक म्हणजे विष, आजच घराबाहेर काढा. आणि मी त्याच दिवशी बनाना ब्रेडसाठी ८ बाय ४ इंचाचा नवीन नॉनस्टिक लोफ टिन (ब्रेडचा लांबट साचा) आणलेला!

काका ज्याला घाबरतायत ते पीएफओए नावाचं रसायन. टेफ्लॉन, म्हणजे नॉनस्टिकचं कोटिंग, बनवताना कारखान्यात ते वापरायचे, ते खरंच वाईट, शरीरात वर्षानुवर्षं राहतं, म्हणून २०१९ मधे घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. पण टेफ्लॉन ही वेगळी वस्तू आहे. चुकून त्याचा कण पोटात गेलाच तर तसाच बाहेर पडतो. आणि 'केमिकल फ्री' लिहिलेल्या टिनला जास्त पैसे मोजू नका, पाणी पण केमिकलच आहे.

१९३८ साली रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत गॅसचं सिलिंडर उघडलं तर गॅस येईना, पण वजन मात्र तेवढंच. करवतीने कापलं तर आत पांढरी पावडर, तेच टेफ्लॉन. कार्बनची लांब साखळी आणि तिच्याभोवती सगळीकडून फ्लोरिन. हा फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन इतके आवळून धरतो की शेजारच्या रेणूला ते जरासुद्धा इकडेतिकडे ओढता येत नाहीत, आणि रेणूंमधलं जे बारीक आकर्षण असतं ना, व्हॅन डर वाल्स बल, ते या ओढाओढीवरच चालतं, त्यामुळे इथे ते फारच कमी पडतं. भिंतीवरची पाल याच बलावर चालते, म्हणून कोरड्या टेफ्लॉनवर तिचा पाय ठरत नाही. (पाल चुकचुकली की शकुन-अपशकुन बघणाऱ्यांनी हे बघावं, जास्त मजा आहे.)

मग हे टिनला कसं चिकटवलं? चिकटवलेलं नाहीच, अडकवलंय. पाट्याला टाकी लावतात ना तसं धातूवर बारीक कणांचा मारा करून तो खरबरीत करतात, त्यावर प्रायमर, म्हणजे पहिला थर, ज्यात धातूला धरणारं रेझिन (चिकट पदार्थ) आणि टेफ्लॉन दोन्ही असतं, वर टेफ्लॉनचे थर, आणि मग साधारण ४०० अंशांना भाजतात. टेफ्लॉन वितळतं ३२७ ला, म्हणजे ते मऊ होऊन खालच्या थरात घुसतं आणि गार झालं की तिथेच रुतून बसतं.

म्हणूनच टिनमधे सुरी घालून ब्रेड कापायचा नाही. एक चरा धातूपर्यंत गेला की त्यातून पाणी, तेल खाली शिरतं आणि कोटिंग कडेने सुटायला लागतं. तारेची घासणी पण नको, कोमट पाणी आणि मऊ स्पंज बास. कुकिंग स्प्रे मारू नका, त्यातलं लेसिथिन भाजून कोपऱ्यात चिकट पिवळा थर बसतो आणि मग लोक म्हणतात टिन खराब निघाला. ब्रशने थोडं बटर लावा.

घेताना जड टिन घ्या, पातळ पत्रा तापून वाकडा होतो. काळा टिन उष्णता जास्त शोषतो, कडा लवकर करपतात, तर ओव्हन १०-१५ अंश कमी ठेवा. २६० च्या वर कोटिंग बिघडायला लागतं, घरचा ओटीजी बहुतेक २५० पर्यंतच जातो, पण रिकामा टिन गॅसवर तापवू नका. फार तापलेल्या टेफ्लॉनच्या धुराने पिंजऱ्यातले पोपट मरतात, हे मात्र फॉरवर्डमधलं नाही, खरं आहे.

माझ्या जुन्या टिनला दोन चरे आहेत, तो बटर पेपर घालून अजून वापरते. पापुद्रे सुटायला लागले की टाकून देईन.