नागपूरकर भोसल्यांचे तटस्थतेचे धोरण

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्याच्या आरंभी नागपूरच्या भोसले दरबाराने मराठे-इंग्रज संघर्षात शक्यतो बाजूला राहण्याचे स्वीकारलेले धोरण. ते सलग नव्हते. खर्ड्याच्या लढाईत (१७९५) नागपूरकर दुसरे रघूजी निजामाविरुद्ध पेशव्यांच्या बाजूने होते आणि १८०३ मध्ये शिंद्यांसह इंग्रजांशी लढले.

उगम : पुण्याविषयीचा अविश्वास याच्या मुळाशी होता. त्याचा आरंभ काही जण बंगालच्या चौथाईवरून पहिले रघूजी व नानासाहेब पेशवे यांच्यात जुंपलेल्या झगड्यात (१७४३) शोधतात. परंतु कनकापूरचा तह (१७६९) निर्णायक मानणे अधिक सयुक्तिक. थोरल्या माधवरावांच्या फौजेने नागपूर लुटून जाळले होते. तहाने पहिल्या रघूजींचे पुत्र जानोजी यांच्यावर सालिना सुमारे पाच लाखांची खंडणी लादली. पेशव्यांच्या संमतीवाचून फौज वाढवू नये, दिल्ली, अयोध्या, इंग्रज यांच्याशी परस्पर राजकारण करू नये, अशीही कलमे घातली. पुढे जानोजींमागून वारसाच्या भांडणात त्यांचे भाऊ मुधोजी यांनी पाचगावच्या लढाईत (१७७५) दुसरे भाऊ साबाजी यांना ठार केले. अशा घरात पुण्याच्या हाकेला तत्काळ ओ मिळणे कठीणच होते.

कटकची स्वारी : नाना फडणविसांच्या इंग्रजविरोधी आघाडीत (पुणे, निजाम, हैदर अली व भोसले) बंगालवर चालून जाण्याचे काम मुधोजींकडे होते. त्यांचे पुत्र खंडोजी ऊर्फ चिमणाबापू सु. तीस हजार फौजेनिशी १७७९ च्या दसऱ्याच्या सुमारास निघाले व पुढच्या उन्हाळ्यात कटकला पोचले. बंगालवर हल्ला झालाच नाही. इंग्रज गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने १७८१ पर्यंत सु. सोळा लाख रुपये देऊन फौज परतवली. ही लाच की थकलेली चौथाई, हा वाद जुना आहे. बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्याशी झालेल्या १७५१ च्या तहात बंगालची चौथाई सालिना बारा लाख ठरली होती. ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी (महसूल वसुलीचा हक्क) मिळाल्यावर (१७६५) भोसले ती मागत राहिले व कंपनी टाळत राहिली. सोळा लाख म्हणजे जेमतेम सोळा महिन्यांची चौथाई. त्यामुळे थकबाकी चुकती झाली, हे म्हणणे टिकत नाही; मात्र पगार तुंबलेल्या फौजेचा विचार करता नुसती लाच म्हणणेही अन्यायाचे होईल.

परिणाम : कर्नल पिअर्सच्या पलटणी ओरिसातून विनाअडथळा मद्रासकडे गेल्या व हैदर अलीवर इंग्रजांना जोर करता आला. आघाडीचे हे नुकसान फार मोठे होते. पुढे १८०३ च्या युद्धात अडगाव व गाविलगड येथील पराभवांनंतर देवगावच्या तहाने (१७ डिसेंबर १८०३) कटक, बालासोर आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. शिंद्यांशी असलेली युती सोडण्याचे कलमही त्यात होते. आधी आपखुशीची असलेली अलिप्तता आता सक्तीची झाली. १८०४ मध्ये यशवंतराव होळकर लढत असताना नागपूर स्तब्ध राहिले. तैनाती फौज (आपल्या खर्चाने राज्यात ठेवायची कंपनीची फौज) मात्र दुसऱ्या रघूजींनी मरेपर्यंत (१८१६) स्वीकारली नाही. ती त्याच वर्षी त्यांचे पुतणे आप्पासाहेब यांनी पत्करली. परराज्यांशी व्यवहार कंपनीच्या संमतीनेच करण्याचे बंधन तिच्याबरोबर आले. तरीही आप्पासाहेब व इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई २६-२७ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली.