दगड सरळ वर जातो, आलेख मात्र वळतो

सरळ वर फेकलेल्या दगडाची उंची आणि काळ यांचा आलेख काढला, की कागदावर एक सुबक कमान उमटते. ही कमान म्हणजेच दगडाचा मार्ग, असे बीजगणित नव्याने शिकणाऱ्यांना हमखास वाटते आणि पुढच्या बऱ्याचशा अडचणी याच समजुतीतून उभ्या राहतात. वास्तविक दगड ज्या उभ्या रेषेत वर गेला, त्याच रेषेत खाली आला. बाजूला तो तसूभरही हलला नाही. आलेखात उजवीकडे सरकतो तो काळ.

आकडे घेऊन पाहू. दगड सेकंदाला २० मीटर वेगाने वर फेकला, हवेचा विरोध दुर्लक्षित केला आणि गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी सोयीसाठी १० मीटर प्रतिसेकंद वर्ग मानले, तर क्ष सेकंदांनंतरची उंची य मीटर धरून य = २०क्ष − ५क्ष² हे समीकरण मिळते. क्षच्या जागी ०, १, २, ३, ४ या किमती ठेवल्या, तर उंची अनुक्रमे ०, १५, २०, १५, ० येते. प्रत्येक क्षणाशी एक आणि एकच उंची जोडणारा असा नियम म्हणजे फलन, आणि ज्या ज्या बिंदूंसाठी हे समीकरण खरे ठरते, त्या सर्व बिंदूंचा संच म्हणजे त्याचा आलेख.

हे पाच बिंदू पट्टीने जोडून मोकळे होण्याचा मोह आवरायला हवा. पहिल्या आणि दुसऱ्या सेकंदांच्या मधोमध, म्हणजे १.५ सेकंदाला, पट्टीची रेषा उंची १७.५ मीटर दाखवते. समीकरण मात्र १८.७५ मीटर सांगते. बिंदूंच्या मधे काय घडते ते पट्टी ठरवत नाही, नियम ठरवतो. उलट, त्याच उंचींमधले फरक काढून पाहिले, तर ते १५, ५, −५, −१५ असे येतात आणि दर वेळी बरोबर १० ने घटतात. हे १० म्हणजे आपण मानलेले गुरुत्वत्वरणच. कोष्टक भरणे हे कंटाळवाणे काम समजले जाते, पण इतकी माहिती त्यात दडलेली असते.

दगड १५ मीटर उंचीवर दोनदा असतो, एकदा जाताना आणि एकदा येताना. त्याला हरकत नाही. एकाच क्षणी तो दोन उंचींवर असणे मात्र अशक्य; म्हणूनच फलनाच्या आलेखाला कोणतीही उभी रेषा एकाहून अधिक ठिकाणी छेदत नाही. उंचीवरून वेळ विचारू लागलो, तर १५ ला १ आणि ३ अशी दोन उत्तरे येतात आणि तो उलटा संबंध फलन राहत नाही. आणखी एक गोष्ट: क्ष = ५ ठेवल्यास समीकरण निमूटपणे −२५ हे उत्तर देते, म्हणजे दगड जमिनीखाली २५ मीटर. सूत्राला जमीन ठाऊक नसते. क्षच्या किमती ० ते ४ एवढ्याच घ्यायच्या, हा फलनाचा प्रांत आपणच सांगावा लागतो.

आता पहिल्यानंतर ३ सेकंदांनी दुसरा दगड तसाच फेकला, असे समजू. घड्याळात क्ष सेकंद झाले असतील, तेव्हा हा दगड हवेत फक्त क्ष − ३ सेकंद असेल, म्हणून त्याची उंची २०(क्ष − ३) − ५(क्ष − ३)². वजाबाकी करूनही आलेख डावीकडे न जाता उजवीकडे का सरकतो, हे कोडे अनेकांना पाठांतराने सोडवावे लागते. इथे ते आपोआप सुटते. उशिरा निघालेला दगड शिखरही उशिरा गाठणार, २ ऐवजी ५ व्या सेकंदाला.

समीकरण आणि वक्ररेषा यांची सांगड फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती देकार्तने १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीच्या ग्रंथातून रूढ झाली. तरी फलन म्हणजे नेमके काय, याचे उत्तर पुढे बदलत राहिले. स्विस गणिती ऑयलरने १७४८ मध्ये फलनाची व्याख्या चल आणि स्थिर राशींपासून बनलेली वैश्लेषिक राशी अशी केली होती, म्हणजे सूत्र हेच फलन. पण छेडलेल्या तारेच्या कंपनांवरून वाद पेटला: तार बोटाने ताणली, की तिच्या आकाराला टोक येते आणि असा आकार एका सूत्रात कसा बसवायचा, हा प्रश्न उरतो. ऑयलरलाच पुढे आपली कल्पना सैल करावी लागली.

जर्मन गणिती डिरिश्लेटने १८२९ मध्ये तर असे उदाहरण दिले, की त्यापुढे पेन्सिलच थबकते. क्ष परिमेय, म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकरूपात लिहिता येणारी संख्या असेल तर एक ठराविक किंमत, अपरिमेय असेल तर दुसरी. समजा १ आणि ०. नियम स्वच्छ आहे, प्रत्येक संख्येला एकच उत्तर आहे, त्यामुळे फलनही निर्दोष आहे. मात्र कोणत्याही दोन संख्यांच्या मधे दोन्ही प्रकारच्या असंख्य संख्या असल्याने, आलेख काढू गेल्यास डोळ्यांना दोन अखंड आडव्या रेषा दिसतील आणि उभी रेषा त्यांना दोनदा छेदते आहे असे वाटेल. प्रत्यक्षात ती दर वेळी दोहोंपैकी एकीवरच्या बिंदूला भेटते आणि दुसरीच्या फटीतून निसटते.