पिशवीची गाठ दिसायला भयंकर, निघाली साधी

कोल्हापुरात कुणाला गर्भपिशवीत गाठ निघाली की सोनोग्राफीचा कागद घरी यायच्या आत गल्लीनं कॅन्सर ठरवून टाकलेला असतो. खरं बघायला गेलं तर यातल्या बहुतेक गाठी फायब्रॉइडच्या, म्हणजे पिशवीच्या स्नायूपासूनच झालेल्या, साध्या. पण त्यात एक फार दुर्मिळ प्रकार असा आहे की पोट उघडल्यावर सर्जनच्याही मनात पाल चुकचुकते. नाव कॉटिलेडनॉइड डिसेक्टिंग लायोमायोमा. रॉथ, रीड आणि स्टर्नबर्ग यांनी 1996 मध्ये याचं वर्णन केलं म्हणून स्टर्नबर्ग ट्यूमर पण म्हणतात.

नेहमीचा फायब्रॉइड पांढरट, घट्ट, गोल, कडेनं सुटा होणारा. हा मात्र तांबडा-तपकिरी, गुबगुबीत गोळ्यांचा घोस, पिशवीच्या बाजूनं बाहेर ओटीपोटात पसरलेला, हुबेहूब बाळंतपणात पडणाऱ्या वारेसारखा! मला यातली भारी वाटणारी गोष्ट म्हणजे हा आकार होतो कसा. गाठीच्या पेशी एका जागी न थांबता पिशवीच्या स्नायूंच्या धाग्यांमधनं वाट काढत बाहेर येतात, मधल्या भागात पाणी साठतं, त्यानं पेशींचे जुडगे एकमेकांपासून सुटतात आणि प्रत्येकाचा वेगळा गोळा दिसायला लागतो, शिवाय रक्तवाहिन्या भरपूर आणि रक्तानं तुंबलेल्या म्हणून तांबडा रंग. म्हणजे पसरतोय कॅन्सरसारखा, पण पेशी साध्याच.

हे कळतं फक्त मायक्रोस्कोपखाली. पॅथॉलॉजिस्ट मुख्यतः तीन गोष्टी बघतो: पेशींची केंद्रकं वेडीवाकडी आहेत का, मोठ्या पॉवरच्या 10 फील्डमध्ये (फील्ड म्हणजे मायक्रोस्कोपमधनं एका वेळी दिसणारा भाग) किती पेशी विभागताना सापडतात (10 किंवा जास्त असल्या तर संशय), आणि गाठीतल्या पेशी जागोजागी मेल्यात का. यातल्या दोन गोष्टी असल्या तर सहसा सार्कोमा, म्हणजे पिशवीच्या स्नायूचा कॅन्सर, म्हणतात. इथं तसलं काही सापडत नाही. ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून बघायची सोय असते, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात, पण पक्का रिपोर्ट नंतरच्या बायोप्सीचा.

आणि ते गाठ विरघळवणारे काढे! पाळी गेल्यावर हार्मोन कमी होऊन साधे फायब्रॉइड आपोआप आकसतात आणि श्रेय काढेवाला घेतो, तेवढ्यात एखादीचा खरा सार्कोमा वाढत राहतो, याचा मला मनापासून राग येतो.

स्टर्नबर्ग ट्यूमर अर्धवट निघाला तर परत वाढू शकतो, म्हणून नंतर अधूनमधून तपासणी लागते. तरुण बाईत पिशवी ठेवून नुसती गाठ काढलेल्या केसेस पण आहेत. रिपोर्टवर शंका असली तर लॅबमधनं स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या, ते दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात, पुन्हा तुकडा काढायला लागत नाही.