आंतरसांस्कृतिक व्यापार

आंतरसांस्कृतिक व्यापार : भाषा, धर्म, कायदा किंवा व्यवहाराचे संकेत एक नसलेल्या पक्षांमधील व्यापार. राष्ट्राची सीमा ओलांडणे ही त्याची आवश्यक अट नाही. एकाच बंदरात, एकाच राज्यसत्तेखाली तो शतकानुशतके चालत आला आहे. उलट सीमेपलीकडे स्थायिक झालेल्या भाऊबंदांशी केलेली देवघेव या संज्ञेत बसेलच असे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुराष्ट्रीय कंपन्यांचा पसारा वाढला, तसा हा विषय व्यवस्थापनशास्त्रात आला. तेथे भर राहिला तो शिष्टाचार, वाटाघाटींची ढब व राष्ट्रीय स्वभाव यांवर. इतिहासकार व विधिज्ञ यांचा प्रश्न निराळा आहे : परक्याच्या हाती माल किंवा पैसा सोपवायचा, तर तो बुडणार नाही याची हमी कशी मिळते? प्रस्तुत नोंदीत हा दुसरा प्रश्न मध्यवर्ती मानला आहे, कारण पहिल्याची बरीचशी उत्तरे त्यातच दडलेली आहेत.

मूक व्यापार : परक्यांमधील देवघेवीचे सर्वांत जुने म्हणून नेहमी दिले जाणारे वर्णन हिरोडोटसचे (इ.स.पू. पाचवे शतक) आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे, कार्थेजचे व्यापारी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माल मांडून ठेवीत, जहाजावर परतून धूर करीत. स्थानिक लोक येऊन मालापाशी सोने ठेवीत व मागे सरत. सोने पुरेसे वाटले तर कार्थेजवासी ते घेऊन निघून जात. कमी वाटले तर पुन्हा जहाजावर जाऊन वाट पाहत. इ.स. सहाव्या शतकात कॉझ्मस या ग्रीक प्रवाशाने अक्सुमच्या (आजच्या इथिओपियातील राज्य) सोन्याच्या व्यापाराबद्दल, तर पंधराव्या शतकात व्हेनिसच्या कादामोस्तोने पश्चिम आफ्रिकेतील मीठ व सोन्याच्या अदलाबदलीबद्दल याच धर्तीची माहिती दिली आहे. ग्रिअर्सन याने १९०३ मध्ये अशी वर्णने एकत्र करून मूक व्यापार ही व्यापाराच्या उत्क्रांतीतील एक आरंभीची अवस्था असावी, असे सुचवले. पुढे हे मत पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले.

पश्चिम आफ्रिकेपुरती या मताची फेरतपासणी फारियास याने १९७४ मध्ये केली. एका लेखकाचे वर्णन दुसऱ्याने उचलले असावे, अशा खुणा त्याला आढळल्या. शिवाय ज्या भागात ही प्रथा सांगितली जाते तेथे दुभाषे, यजमान व दलाल यांची साखळी अस्तित्वात होती. हा आक्षेप वजनदार आहे. सोन्याच्या खाणी कोठे आहेत हे लपवण्यात मधल्या व्यापाऱ्यांचा स्वार्थ होता आणि न दिसणाऱ्या, न बोलणाऱ्या लोकांच्या कथा त्या स्वार्थाला पोषक होत्या. तथापि जगाच्या इतर भागांतील सर्वच नोंदी यामुळे निकालात निघतात असे नाही. मूक व्यापार ही व्यापाराची पहिली पायरी होती, असे विधान मात्र आता टाळलेले बरे.

याच संदर्भात दिले जाणारे आणखी एक उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने दक्षिणेतील हिऱ्यांच्या सौद्याचे बारकाईने वर्णन केले आहे. विकणारा व घेणारा समोरासमोर बसत, वस्त्राखाली हातात हात देत. सबंध हात धरला तर हजार, एक बोट धरले तर शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट म्हणजे पन्नास, नुसते टोकाचे पेर म्हणजे दहा. भोवती माणसे असूनही भाव कोणाला कळत नसे. ही युक्ती भाषेची अडचण ओलांडण्यासाठी नव्हे, तर भाव गुप्त ठेवण्यासाठी होती; एकच भाषा बोलणारेही ती वापरीत. तरीही परका व्यापारी त्यात विनासायास सामील होऊ शके, हे तिचे महत्त्व.

भांडवल व प्रवासी भागीदार : दूरदेशी माल पाठवणाऱ्याला स्वतः जाता येत नाही, तेव्हा भांडवल एकाचे आणि प्रवास व मेहनत दुसऱ्याची, असा करार करावा लागतो. मध्ययुगीन भूमध्य समुद्रावर त्याचे तीन-चार नमुने शेजारी शेजारी नांदत होते : इटालियन शहरांतील कोमेंदा, मुसलमानी कायद्यातील किराद किंवा मुदारबा, यहुद्यांतील इस्का आणि बायझंटिन क्रेओकोइनोनिया. कोमेंदाच्या एकपक्षी प्रकारात सर्व भांडवल घरी राहणाऱ्या भागीदाराचे असे व नफ्याचा सामान्यतः तीन-चतुर्थांश भाग त्याला, तर एक-चतुर्थांश प्रवासी भागीदाराला मिळे. व्हेनिसमधील द्विपक्षी प्रकारात प्रवासी भागीदार एक-तृतीयांश भांडवल घाली व नफा निम्मा-निम्मा वाटला जाई. त्याचे उपलब्ध दाखले अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे आहेत.

या कराराचे मूळ कोणते, याविषयी मतभेद आहेत. उदोविच याने १९६२ मध्ये असे मांडले की, कोमेंदाशी सर्वाधिक साम्य किरादचेच आहे. दोन्हींत भांडवल बुडाल्यास प्रवासी भागीदारावर भरपाईची जबाबदारी नाही. त्याची फक्त मेहनत वाया जाते. बायझंटिन करारात तोटा वाटून घ्यावा लागे. इस्कामध्ये रकमेचा निम्मा भाग कर्ज व निम्मा ठेव मानला जाई, म्हणजे निम्म्याची जोखीम प्रवाशावरच येई. किरादचे नियम आठव्या शतकाच्या अखेरीस हनफी विधिज्ञ शैबानी (मृत्यू ८०५) याच्या काळी सविस्तर तयार होते, ही कालगणनाही उदोविचच्या बाजूने आहे. प्रायर याने १९७७ मध्ये एकच उगम मानण्यास हरकत घेतली. त्याच्या मते कोमेंदात अनेक परंपरांतील घटक मिसळले आहेत. किराद इटलीत कोणत्या मार्गाने पोचला हे दाखवणारा दस्तऐवज नाही, एवढा उणेपणा उदोविचच्या मतात राहतो. परंतु करार ओळखायचा तो तोटा कोणी सोसायचा यावरून, आणि या कसोटीवर त्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. कैरोच्या गेनिझा (यहुदी प्रार्थनामंदिरातील जुन्या कागदांची कोठी) येथील कागदपत्रांत यहुदी व्यापारी आपल्या धर्मशास्त्रातील इस्का सोडून आपापसांतही किराद करताना दिसतात. सोयीचा करार धर्माची कुंपणे किती सहज ओलांडतो, याचा हा उत्तम पुरावा आहे.

व्यापारी वसाहती व विश्वास : एका समाजाची माणसे परक्या शहरांतून पसरून मध्यस्थी करतात, या घटनेला अॅब्नर कोहेन याने १९७१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील हौसा व्यापाऱ्यांच्या अभ्यासातून सैद्धांतिक रूप दिले. फिलिप कर्टिन याने १९८४ मध्ये त्याच्या आधारे जागतिक व्यापाराचा इतिहास मांडला. इस्फाहानच्या न्यू जुल्फा उपनगरातील आर्मेनियन हे त्याचे ठळक उदाहरण. पहिल्या शाह अब्बासने सतराव्या शतकाच्या प्रारंभी त्यांना तेथे वसवले. त्यांच्यापैकी होवान्नेस नावाच्या अडत्याची १६८२ ते १६९३ या काळातील हिशेबवही टिकून आहे. धन्यांचे भांडवल घेऊन तो सुरत, आग्रा, पाटणा व नेपाळमार्गे ल्हासाला गेला आणि तेथे सुमारे पाच वर्षे राहिला. खरेदी, वजने, उधारी, जकात हे सारे या वहीत आहे. व्यापाराच्या इतिहासाला सिद्धांतांपेक्षा अशा वह्यांची गरज अधिक आहे.

अशा समूहांत विश्वास कशाने टिके? आवनेर ग्राइफ याने १९८९ पासून गेनिझातील मगरिबी (उत्तर आफ्रिकेतील यहुदी) व्यापाऱ्यांवरून उत्तर दिले : एकाला फसवणाऱ्या अडत्यावर सगळे मिळून बहिष्कार टाकीत, त्यामुळे न्यायालयाची गरज भासत नसे. एडवर्ड्स व ओगिल्व्ही यांनी २०१२ मध्ये तीच पत्रे तपासून दाखवले की, हे व्यापारी कज्जेही करीत आणि सामूहिक बहिष्काराची उदाहरणे फार थोडी आहेत. ग्राइफने त्यांना उत्तर दिले आहे व वाद मिटलेला नाही. लौकिक व न्यायालय ही दोन्ही साधने एकत्र वापरली जात होती, असे समजणे पुराव्याला धरून होईल.

समूहाबाहेरच्या विश्वासाचे कोडे याहून अवघड आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील लिव्होर्नो बंदराचे सेफार्डी (मूळचे स्पेन-पोर्तुगालचे) यहुदी भूमध्य समुद्रातील पोवळी लिस्बनमार्गे गोव्याच्या सारस्वत व्यापाऱ्यांना पाठवीत व बदल्यात हिरे मागवीत. इन्क्विझिशनमुळे (कॅथलिक चर्चचे धर्मन्यायालय) लिस्बनमध्ये यहुद्यांना उघडपणे राहता येत नसे, म्हणून तेथील अडत कॅथलिक इटालियनांकडे असे. तीन धर्म, तीन बंदरे, रक्ताचे नाते नाही, सर्वांना बांधील असे न्यायालय नाही. फ्रांचेस्का त्रिवेल्लातो यांनी २००९ मध्ये या पत्रव्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोव्याला जाणारी पत्रे पोर्तुगीज भाषेत असत. त्यांत आदराचे ठरीव मायने, मालाच्या प्रतीविषयी तक्रार आणि इतर अडत्यांची खबर हे सारे एकत्र येई. नीट लिहिलेले पत्र हीच पत होती. ते दुसऱ्याला दाखवता येई आणि लिहिणाऱ्याची अब्रू त्यावर ठरे. एकमेकांच्या धर्माविषयी त्यांना फारशी आस्था होती असे दिसत नाही, आणि व्यवहार चालण्यास ती लागलीही नाही. आधुनिक प्रशिक्षणवर्गांतून ‘आधी संस्कृती समजून घ्या’ हा जो उपदेश केला जातो, त्याच्याशी हा दाखला ताडून पाहण्याजोगा आहे.

राष्ट्रीय स्वभावाची मापने : एडवर्ड हॉल हा मानवशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात अमेरिकी परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांना शिकवीत असे. वेळ, अंतर आणि न बोललेल्या गोष्टी यांचे संकेत समाजागणिक बदलतात, हे त्याने दाखवले व १९७६ मध्ये संदर्भावर अधिक विसंबणाऱ्या आणि शब्दांवर अधिक विसंबणाऱ्या संस्कृती, असा भेद केला. खेर्ट हॉफस्टेड याने आयबीएम कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांकडून सुमारे १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून १९८० मध्ये चार परिमाणे मांडली : सत्ता-अंतर (म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांतील अंतर), व्यक्तिवाद, पुरुषीपणा व अनिश्चितता टाळण्याची वृत्ती. दीर्घकालीन दृष्टी हे पाचवे परिमाण पुढे जोडले गेले. ही मापने सोपी असल्याने व्यवस्थापन शिक्षणात सर्वत्र पसरली. एका कंपनीच्या नोकरवर्गावरून सबंध राष्ट्राविषयी बोलता येईल काय, हा मॅक्स्वीनी याचा २००२ मधील आक्षेप मूलभूत आहे. देशांची सरासरी समोर बसलेल्या माणसाला लावू नये, असे हॉफस्टेड स्वतःही बजावत असे. वापरणाऱ्यांनी ते फारसे मनावर घेतलेले नाही.

कागदपत्रे, कायदा व लवाद : आजचा जागतिक व्यापार परस्पर ओळखीपेक्षा प्रमाणित कागदांवर अधिक चालतो. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने (स्थापना १९१९) १९३३ मध्ये पतपत्रांचे (खरेदीदारातर्फे पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) समान नियम व १९३६ मध्ये माल सोपवण्याच्या अटींचे नियम, म्हणजेच इनकोटर्म्स, प्रसिद्ध केले. पतपत्राचे सध्याचे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांचे मर्म असे की, बँक मालाशी नव्हे तर कागदांशी व्यवहार करते. जहाजावर माल चढल्याची पावती, विमापत्र व बीजक अटींबरहुकूम असले की पैसे द्यावे लागतात. मजकुरात तफावत निघाली तर उत्तम मालाचे पैसेही अडतात. खरेदीदाराचा स्वभाव कसा आहे, हा प्रश्न निर्यातदाराला मग फारसा भेडसावत नाही. त्याची जागा बँकेच्या पतीने घेतलेली असते.

मालविक्रीच्या करारांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८० मध्ये व्हिएन्ना येथे संमत झाला व १ जानेवारी १९८८ पासून अमलात आला. पक्षाच्या बोलण्याचा अर्थ दुसऱ्या पक्षासारखा समंजस माणूस त्या परिस्थितीत कसा लावील, हे त्यात पाहिले जाते. पक्षांमधील वहिवाट व त्या व्यापारातील रूढ प्रघातही बंधनकारक मानले जातात. अमेरिका व चीन त्यात सामील आहेत. ब्रिटन व भारत नाहीत. परदेशी लवादाचे निवाडे अमलात आणण्याची सोय १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने केली असून तो दीडशेहून अधिक देशांनी स्वीकारला आहे. परक्या न्यायालयापेक्षा तटस्थ लवाद उभय पक्षांना पत्करतो, हे त्याच्या यशाचे कारण.

भेटवस्तू आणि लाच यांतील सीमारेषा समाजागणिक हलते, हा युक्तिवाद दीर्घकाळ चालला. अमेरिकेने १९७७ मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणे गुन्हा ठरवले आणि आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या १९९७ च्या कराराने तेच तत्त्व इतर औद्योगिक देशांत नेले.

निवाड्यापेक्षा तडजोड पसंत करणाऱ्या पक्षांसाठी मध्यस्थीने झालेल्या समझोत्यांना बळ देणारा सिंगापूर करार ऑगस्ट २०१९ मध्ये स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. भारताने पहिल्याच दिवशी त्यावर सही केली. तो १२ सप्टेंबर २०२० पासून अमलात आहे.