लीट्रिम मधोमध कापलं कुणी? भागाकाराने!

जून २०२२ ची राज्यसभेची निवडणूक आठवत असेल. संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं, धनंजय महाडिकांना २७, आणि निवडून आले महाडिक. त्यानंतर व्हॉट्सॲपवर जे काय सुरू झालं! ३३ वाला पडतो नि २७ वाला येतो म्हणजे नक्की घोटाळा, मशीन मॅनेज, वगैरे वगैरे. मशीन नव्हतंच हो, कागदी मतपत्रिका होत्या. पियुष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं पडली होती, जिंकायला ४१ च्या आतच लागत होती, आणि त्या दोघांची वरची सात-सात मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे महाडिकांकडे सरकली. एवढंच.

आपल्याकडे हा प्रकार आमदार-खासदारांच्या मतदानापुरता आणि विधान परिषदेपुरताच चालतो म्हणून आपल्याला तो काळी जादू वाटतो. आयर्लंडमध्ये मात्र शंभर वर्षं झाली, गाई पाळणारा माणूससुद्धा आपल्या टीडीला (म्हणजे आपल्या भाषेत खासदाराला) असंच १, २, ३ लिहून निवडतो. तिथल्या एका खेडवळ मतदारसंघाची गोष्ट मला सांगायचीये. रॉसकॉमन–साउथ लीट्रिम. २००७ ला जन्माला आला, २०१६ ला संपला. दोन सार्वत्रिक निवडणुका आणि एक पोटनिवडणूक, बस. पण तेवढ्यात त्याने जे उद्योग केले ते बघण्यासारखे आहेत.

आधी तो जन्मला कसा. लीट्रिम ही शॅनन नदीकाठची छोटी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी). १८४१ मध्ये तिथे साधारण १,५५,००० माणसं राहायची. मग बटाट्याचा दुष्काळ आला, त्यानंतर दीडशे वर्षं लोक बोटीत बसून जातच राहिले आणि १९९६ च्या जनगणनेत आकडा आला २५,००० च्या आसपास. १९३७ ते १९४८ या काळात लीट्रिम नावाचा स्वतंत्र, तीन जागांचा मतदारसंघ होता, हे आता सांगूनही खरं वाटत नाही.

आयरिश राज्यघटनेच्या अटी तीन. देशभरात सरासरी २०,००० ते ३०,००० लोकांमागे एक टीडी, हे प्रमाण सगळीकडे जमेल तितकं सारखं, आणि कुठल्याही मतदारसंघात तीनपेक्षा कमी जागा नाहीत. दुसरी अट नुसती कागदावर नाहीये बरं का. १९५९ चा मतदारसंघांचा कायदा पश्चिमेकडच्या ग्रामीण भागाला झुकतं माप देतो म्हणून ओ'डोनोव्हन खटल्यात कोर्टाने १९६१ मध्ये सरळ रद्द केला होता.

आता २००२ ची जनगणना घ्या. देशात ३९.१७ लाख लोक, १६६ टीडी, म्हणजे एका टीडीमागे साधारण २३,६००. लीट्रिम २५,८००, रॉसकॉमन ५३,८००, स्लायगो ५८,२००. लीट्रिम एकटं ठेवलं तर १.०९ जागा, ते चालत नाही कारण किमान तीन हव्यात. स्लायगोला जोडलं (१९८१ पासून तसंच होतं, चार जागा) तर ८४,००० भागिले ४ म्हणजे २१,०००, सरासरीपेक्षा ११ टक्के कमी, जागा तीन केल्या तर २८,०००, म्हणजे जवळपास १९ टक्के जास्त. बरं, रॉसकॉमनला जोडा. ७९,६०० भागिले ३, साधारण २६,५००, परत १२ टक्के जास्त. कुठेच बसेना! पण तिन्ही काउंट्या एकत्र धरल्या की १,३७,८०० होतात आणि त्याला सहाने भागलं की २२,९६७, सरासरीच्या तीन टक्क्यांच्या आत. म्हणजे तीन-तीन जागांचे दोन मतदारसंघ फर्स्ट क्लास बसतात, फक्त त्यासाठी मधल्या कुणालातरी कापावं लागतं आणि मधे कोण तर लीट्रिम. उत्तर लीट्रिम स्लायगोला, दक्षिण लीट्रिम रॉसकॉमनला.

लोक भडकले, साहजिकच आहे. २००७ मध्ये स्लायगो–नॉर्थ लीट्रिममधून तिघंही स्लायगोवाले आले, इकडे तिघंही रॉसकॉमनवाले (फिनेरन, नॉटन आणि फीहन), लीट्रिमचा माणूस संसदेत शून्य. हे कुणीतरी मुद्दाम केलं असं म्हणणारे तेव्हाही होते. आणि असं मुद्दाम करण्याचा इतिहास आयर्लंडला नाही असंही नाही, १९७४ मध्ये जेम्स टली या मंत्र्याने आपल्या आघाडीच्या सोयीने सीमा आखल्या होत्या, त्या १९७७ मध्ये त्यांच्यावरच उलटल्या आणि फिअना फॉइल या विरोधी पक्षाला १४८ पैकी ८४ जागा मिळाल्या. त्यानंतरच हे काम स्वतंत्र आयोगाकडे गेलं. पण लीट्रिमच्या बाबतीत वर केलेला भागाकार बघितला की मला तरी कटकारस्थान शोधायची गरज वाटत नाही.

आता माझा आवडता भाग, मतमोजणी. इथे जरा कागद-पेन घेऊन बसा.

तीन जागांसाठी कोटा (म्हणजे जिंकायला लागणारी मतं) किती? एकूण वैध मतं भागिले चार, अधिक एक. तीन जागांना चारने का भागायचं? कारण चार जणांना प्रत्येकी पाव हिश्श्यापेक्षा जास्त मतं मिळूच शकत नाहीत, बेरीज एकूण मतांच्या वर जाईल. तेव्हा पाव हिश्श्याच्या वर एक मत मिळालं की जागा पक्की. हेन्री ड्रूप नावाच्या इंग्लिश बॅरिस्टरने १८६० च्या दशकात हे मांडलं. समजायला सोपे आकडे घेऊ (खरे नाहीत, माझे आहेत). वैध मतं ४०,०००, कोटा १०,००१. एका बाईंना पहिल्या पसंतीची १२,००१ मिळाली, म्हणजे २,००० वरची. ही वाया घालवायची नाहीत, पुढच्या पसंतीला द्यायची. पण १२,००१ मतपत्रिकांमधल्या नेमक्या कुठल्या दोन हजार 'वरच्या'? गोची इथे आहे.

भारतात आपण काय करतो, राज्यसभेला प्रत्येक मताची किंमत १०० धरतो आणि सगळ्याच मतपत्रिका कमी किमतीने पुढे पाठवतो, म्हणून तर दशांशातली मतं दिसतात. आयर्लंडच्या वरच्या सभागृहाला, सीनडला, हीच किंमत १,००० धरतात. पण खालच्या सभागृहाला, डॉइलला, आयरिश लोक अपूर्णांक वापरत नाहीत! ते खरेखुरे अख्खे कागद उचलून दुसऱ्याच्या गठ्ठ्यात ठेवतात.

कसं ते बघा. बाईंच्या १२,००१ मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या. समजा ६,००० वर पुढचं नाव ब, ३,००० वर क, १,००० वर ड, आणि २,००१ वर पुढे काहीच लिहिलेलं नाही. ज्यांनी काही लिहिलं नाही त्या बाईंकडेच राहिल्या. उरल्या १०,०००, पाठवायच्या २,०००, म्हणजे पाचातली एक. ब ला १,२००, क ला ६००, ड ला २००. इथपर्यंत कुणाची तक्रार नाही, टक्केवारी अगदी बरोबर. पण ब च्या ६,००० च्या गठ्ठ्यातून कुठले १,२०० कागद उचलायचे? नियम म्हणतो, गठ्ठ्यात शेवटी ठेवलेले, म्हणजे वरचे. सुरुवातीला सगळ्या मतपत्रिका नीट मिसळून घेतात, त्यामुळे वरचे १,२०० म्हणजे एक सँपल झालं. आणि पुढे ब बाद झाला तर याच १,२०० कागदांवरची तिसरी पसंती मोजली जाणार, बाईंकडे राहिलेल्या ४,८०० वरची नाही! सँपल म्हटलं की थोडी चूक आलीच, १,२०० कागदांत ती पाच-पंचवीस मतांची सहज असू शकते आणि लढत तेवढ्यावर अडली असेल तर नशीब गठ्ठा कसा लागला त्यावर.

अजून एक पेच आहे. बाई पहिल्याच फेरीत न जिंकता समजा ९,९०० वर होत्या आणि बाद झालेल्या कुणाचेतरी ५०० कागद मिळून १०,४०० वर गेल्या, तर ३९९ वरची मतं फक्त त्या शेवटच्या ५०० कागदांतून काढतात. आधीच्या ९,९०० लोकांची पुढची पसंती कुणी विचारतच नाही. यावर गणितवाल्यांनी बरंच डोकं फोडलंय, आणि डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, पुढे अडणार नाही.

आणि हे सगळं उघड्यावर चालतं, हे मला फार भारी वाटतं. पेटी टेबलावर उलटी करतात, कर्मचारी मतपत्रिका सरळ करतात, आणि कठड्याच्या पलीकडून पक्षांचे लोक माना लांब करून क्लिपबोर्डवर काड्या मारत असतात, यांना टॅलीमेन म्हणतात. अधिकृत पहिली फेरी जाहीर व्हायच्या आत ते निकालाचा अंदाज सांगून मोकळे. २००२ मध्ये तीन मतदारसंघांत मतदानाची मशीन आणून बघितली, सगळं चुटकीसरशी होईल म्हणून केवढा गाजावाजा झाला होता, पाच कोटी युरोच्या वर गेले आणि २०१२ मध्ये ती मशीन भंगारात काढली. कागद अजून आहे.

जाता जाता, मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या वर्णक्रमाने छापतात, त्यामुळे वरच्या नावांना थोडा फायदा होतो, हे अभ्यासातून दिसलंय. आपल्याकडे न्यूमरॉलॉजीवाले स्पेलिंगमध्ये एक एक्स्ट्रा 'ए' घालायचे पैसे घेतात. आयर्लंडमध्ये 'ए' ने खरंच थोडी मदत होते, फक्त तो सुरुवातीला पाहिजे आणि कारण शनी नसून कंटाळलेला मतदार आहे.

तर रॉसकॉमन–साउथ लीट्रिम. २०११ मध्ये इथून ल्यूक 'मिंग' फ्लॅनगन अपक्ष म्हणून निवडून आला, पीट कापणाऱ्यांचा माणूस. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या शेवाळाचा थर, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. माणसाच्या उंचीएवढा थर साचायला दीड-पावणेदोन हजार वर्षं लागतात आणि तो चुलीत दोन-चार हिवाळ्यांत संपतो. युरोपियन युनियनच्या अधिवास-रक्षणाच्या नियमाखाली ५३ दलदलींमध्ये कापणी थांबवली आणि गावं पेटली. विज्ञान म्हणून बंदी बरोबरच होती असं माझं मत, पण आजोबांपासून कापत आलेल्या माणसाला ते पटवायला कुणी नीट गेलं नाही हेही खरं. त्याच वर्षी रॉसकॉमनच्या सरकारी हॉस्पिटलमधला इमर्जन्सी विभाग बंद झाला आणि डेनिस नॉटनने स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत देऊन पक्षातली जागा घालवली.

२०१४ मध्ये मिंग युरोपियन संसदेत गेला आणि ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक लागली. पहिल्या पसंतीत फिअना फॉइलचा आयव्हन कॉनॉटन पुढे होता. पण एकेक उमेदवार बाद होत गेला, त्यांच्या मतपत्रिका उघडत गेल्या तशी मतं पीटवाल्यांचाच दुसरा नेता मायकेल फिट्झमॉरिसकडे सरकली आणि तो जिंकला. पहिल्या फेरीत मागे, शेवटच्या फेरीत पुढे, आणि तिथे कुणी घोटाळा म्हणून ओरडलं नाही.

मग २२ मे २०१५, समलिंगी विवाहाचं सार्वमत. देशात ६२ टक्के 'हो' आणि ४३ मतदारसंघांपैकी फक्त एकात 'नाही'. हाच तो. जगभरच्या बातम्यांत 'बुरसटलेला मतदारसंघ' म्हणून नाव आलं. आकडे बघा ना पण, नाही १८,६४४, हो १७,६१५. फरक हजारभर मतांचा, जवळपास निम्मे लोक 'हो' म्हणाले होते. २००४-०५ मध्ये सीमा आखताना रेघ जरा इकडेतिकडे पडली असती तर कदाचित नकाशावर एकही लाल ठिपका दिसला नसता. २०१८ च्या गर्भपाताच्या सार्वमतात, नवीन सीमांनी बनलेल्या रॉसकॉमन–गॉलवेमध्ये ५७ टक्के 'हो' आलं.

नवीन सीमा आल्या त्यासुद्धा भागाकारातूनच. टीडी १६६ वरून १५८ केले, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४५.८८ लाख, म्हणजे एका टीडीमागे २९,०००. लीट्रिम परत अख्खं करून स्लायगोला जोडलं, पण दोन्ही मिळून ९७,००० च भरले, चार जागांना पुरेनात. मग दक्षिण डोनेगॉल आणि पश्चिम कॅव्हन कापून त्यात घातलं. लीट्रिमवाले खूश, आणि आपली काउंटी का तोडली म्हणून तक्रार करायची पाळी तेव्हा डोनेगॉल आणि कॅव्हनवाल्यांवर आली.